टाकीच्या पुढचं पाणी

घर बांधताना सांडपाण्याचा विचार जोत्याच्या आधी करा, असं मी या सदरात मागे लिहिलं होतं. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांत एकच विचारणा आहे: कोणती टाकी घेऊ? मला उलट विचारावंसं वाटतं, की टाकीतून बाहेर पडणारं पाणी तुम्ही कुठे सोडणार आहात? जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागात असताना पावसाळ्यात विहिरींचे नमुने घ्यायला मी गावोगाव जायचे. नमुना खराब निघालेल्या विहिरीच्या आसपास संडासाची टाकी हमखास असायची. त्या टाकीच्या पुढे काय आहे हे मात्र घरच्यांनाही सांगता यायचं नाही. टाकी पक्की, टाइल्स गुळगुळीत आणि पाइप मागच्या वहाळात. म्हणून या वेळी टाकीच्या पुढच्या पाण्याबद्दलचीच पत्रं घेतली आहेत.

प्रश्न: आमचं घर बांधून होत आलं आहे. घरात आम्ही सहा माणसं. दोन खोल्या पर्यटकांसाठी ठेवणार, म्हणजे मे महिन्यात आणि दिवाळीत आणखी सहा जण. जमीन कातळाची, वर जेमतेम दोन फूट माती. विहीर घरापासून पन्नास फुटांवर. एका विक्रेत्याने हवेवर चालणारी ‘एरोबिक’ टाकी सुचवली आहे. वास नाही, उपसा नाही आणि पाणी थेट बागेला, असं तो म्हणतो. घ्यावी का?
– एक वाचक, देवगड तालुका

उत्तर: विक्रेत्याने सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी पहिली खरी आहे, दुसरी चुकीची आहे आणि तिसरी अर्धीच सांगितलेली आहे.

साध्या सेप्टिक टाकीत हवा नसते. जड मैला तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधलं पाणी पुढे जातं. हवेविना जगणारे जिवाणू तळाचा गाळ सावकाश कुजवतात. पाण्यातली सेंद्रिय घाण आम्ही बीओडीने मोजतो. ती या टाकीत साधारण तिसरा हिस्सा ते निम्मी कमी होते. रोगजंतू मात्र बहुतांशी तसेच बाहेर पडतात. एरोबिक टाकीत एक छोटा ब्लोअर रात्रंदिवस पाण्यात बुडबुडे सोडत असतो. हवेवर जगणारे जिवाणू कितीतरी वेगाने काम करतात. यंत्रणा नीट चालवली तर बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी लिटरला 20 ते 30 मिलिग्रॅमपर्यंत उतरतो, सेप्टिक टाकीच्या पाण्यात तो शंभराच्या वर असतो. वास येत नाही तो यामुळे.

पण जिवाणू जितक्या जोमाने वाढतात तितका त्यांचा गाळही वाढतो. एरोबिक टाकीत तो सेप्टिक टाकीपेक्षा जास्त तयार होतो, तेव्हा उपसा चुकत नाही. आणि पाणी कितीही नितळ दिसलं तरी क्लोरीन किंवा दुसऱ्या मार्गाने निर्जंतुक केल्याशिवाय ते बागेत उघड्यावर सोडायचं नाही.

तुमच्या घरासाठी मी ही टाकी सुचवणार नाही, याला दोन कारणं आहेत. पहिलं विजेचं. ब्लोअर 60 वॅटचा धरला तर तो दिवसाला जवळजवळ दीड युनिट घेतो, महिन्याला 43. बिल परवडेल. पण जून-जुलैत फांदी तारेवर पडली आणि दोन-दोन दिवस वीज आली नाही, की टाकीतले जिवाणू गुदमरतात. वीज आली म्हणून त्यांचं काम लगेच पूर्वीसारखं सुरू होत नाही, त्यात बरेच दिवस जातात. दुसरं कारण पर्यटकांचं. या जिवाणूंना रोज साधारण सारखं अन्न लागतं. सहा माणसांच्या सांडपाण्यावर वाढलेली वसाहत अचानक आलेल्या बारा माणसांचं सांडपाणी पचवू शकत नाही. पाहुणे गेले की तीच उपाशी राहते.

आता कातळाचं. आयएस 2470 हे सेप्टिक टाकीचं भारतीय मानक आहे. त्यात शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून 18 मीटर, म्हणजे सुमारे 60 फूट, आणि राहत्या घरापासून 6 मीटर दूर ठेवायला सांगितलं आहे. हे अंतर माती पाणी गाळते या गृहीतावर उभं आहे. तुमच्याकडे गाळायला माती आहेच किती? दोन फुटांखाली जांभ्याच्या भेगा लागल्या की पाणी न गाळताच वाट काढतं, आणि ती वाट विहिरीकडे जाते की समुद्राकडे हे वरून दिसत नाही. म्हणून तुमच्याकडे शोषखड्डा खणूच नका. कातळ सुरुंगाने फोडून तर मुळीच नको, त्याने भेगा आणखी मोकळ्या होतात.

मी असं करीन. माणशी रोज 100 लिटर धरलं तर गर्दीच्या दिवसांत 1200 लिटर सांडपाणी होईल. त्यासाठी 3000 लिटरची, दोन कप्प्यांची, तळासकट काँक्रीटची सेप्टिक टाकी, पहिला कप्पा दुसऱ्याच्या दुप्पट. ती विहिरीच्या विरुद्ध बाजूला, उताराकडे. तिच्यापुढे कर्दळीचा वाफा. माणशी दीड-दोन चौरस मीटर हिशोबाने 9 मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद पुरेल. कातळ खणण्यापेक्षा चिऱ्यांच्या भिंती वर उचला, आतून गिलावा करून गळणार नाही असा हौद करा आणि त्यात 60 सेंटिमीटर खडी भरा. दोन्ही टोकांना मोठी खडी, मध्ये 10 ते 20 मिलिमीटरची. पाण्याची पातळी खडीच्या वरच्या थरापेक्षा 10 सेंटिमीटर खाली राहील अशी बाहेरची नळी बसवा. पाणी उघडं पडत नाही म्हणून डास होत नाहीत. कर्दळीबरोबर पाणकणीसही चालतं. मुळांभोवती आणि खडीवर जिवाणूंचा थर धरतो आणि उरलेलं काम तो करतो. वीज लागत नाही, आणि पर्यटक आले-गेले तरी फार बिघडत नाही. वाफा जमिनीच्या वर असल्यामुळे टाकीच्या बाहेरच्या तोंडाची पातळी आधी काढून घ्या. उतार असेल तर पाणी आपसूक जाईल, नसेल तर पंप घालावा लागतो.

वाफ्यातून निघालेलं पाणी जमिनीखालच्या नळीने माडांना आणि केळींना द्या. कलमांना थंडीत, मोहोराच्या दिवसांत पाणी द्यायचं नसतं, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीला हे पाणी कधीही नको.

आणखी दोन गोष्टी घर पूर्ण व्हायच्या आत करा. स्वयंपाकघराच्या मोरीला तेल अडवणारा ग्रीज ट्रॅप बसवा. पर्यटकांचा स्वयंपाक म्हणजे तळलेले मासे, आणि ते तेल वाफ्यात गेलं तर खडी बुजते. पागोळ्यांचं पाणी टाकीत येऊ देऊ नका. कोकणातल्या एका जोराच्या सरीत छपरावरून येणारं पाणी टाकीतला गाळ ढवळून पुढे ढकलतं. चांगल्या बांधलेल्या टाक्या मी याच एका कारणाने वाया गेलेल्या पाहिल्या आहेत.

एरोबिक टाकी वाईट नाही. प्लॉट लहान, विहीर जवळ, माणसं वर्षभर तीच, वीज भरवशाची आणि दुरुस्तीचा माणूस तालुक्याच्या गावात, असं असेल तर मी स्वतः तिची शिफारस करते. तेव्हाही विक्रेत्याकडून वार्षिक देखभालीचा करार लेखी घ्या आणि त्यानेच आधी बसवलेल्या एखाद्या टाकीचं पाणी बघून या. काचेच्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरा, घट्ट बूच लावा आणि तीन दिवस सावलीत ठेवा. उघडल्यावर सडका वास आला तर त्या पाण्यावरची प्रक्रिया अपुरी आहे.

प्रश्न: मुलगा अमेरिकेत टेक्सासमध्ये, ऑस्टिन शहराच्या बाहेर राहतो. त्याच्या अंगणात पुरलेल्या टाक्यांतून सतत घूं असा आवाज येतो आणि रात्री तुषार सिंचनाने हिरवळीवर पाणी उडतं. ते संडास-न्हाणीचंच पाणी आहे असं कळल्यापासून मला अस्वस्थ वाटतं. नातवंडं तिथेच खेळतात. कधीकधी लाल दिवाही लागतो. परसात मेथी-कोथिंबीर पेरावी असं माझ्या मनात होतं.
– एक आजी, सातारा

उत्तर: आजी, तो आवाज येतो आहे हे चांगलंच आहे. तो ब्लोअर आहे, आणि तो गप्प झाला तर काळजी करायची. ऑस्टिनच्या पश्चिमेच्या टेकड्यांवर मातीचा पातळ थर आणि खाली चुनखडीचा भेगाळ खडक असतो. त्या खडकात पिण्याच्या पाण्याचे साठे आहेत. वर उत्तर दिलेल्या देवगडच्या वाचकाची आणि तुमच्या मुलाची अडचण त्या अर्थाने एकच आहे. फरक इतकाच की तिकडे वीज भरवशाची आहे आणि देखभालीची शिस्त नियमाने लावलेली आहे, म्हणून तिथे एरोबिक यंत्रणा चालते. पहिल्या कप्प्यात मैला बसतो, दुसऱ्यात हवा मिळते, तिसऱ्यात गाळ खाली बसतो, मग पाणी क्लोरीनच्या गोळ्यांवरून जाऊन पंपाच्या टाकीत येतं आणि माणसं झोपेत असताना फवारलं जातं. टेक्सासच्या नियमानुसार अशा यंत्रणेची दर चार महिन्यांनी तपासणी होऊन तिचा अहवाल द्यायचा असतो.

क्लोरीन संपला तर मात्र तुमची काळजी रास्त ठरते. मुलाला दोन गोष्टी विचारा: शेवटचा तपासणी अहवाल कधीचा आहे, आणि गोळ्या कोणत्या वापरतो? पोहण्याच्या तलावाच्या गोळ्या दिसायला सारख्या असल्या तरी त्या इथे वापरायच्या नसतात. सांडपाण्यासाठीच्या, कॅल्शियम हायपोक्लोराइटच्या वेगळ्या मिळतात. लाल दिवा म्हणजे ब्लोअर बंद पडला आहे किंवा टाकीत पाण्याची पातळी चढली आहे. तो दिसला की त्याच दिवशी देखभालवाल्याला फोन करायला सांगा. तुषार चालू असताना आणि हिरवळ ओली असेपर्यंत मुलांना तिकडे जाऊ देऊ नका, खेळून आल्यावर हात धुवायला लावा.

मेथी-कोथिंबीर तिथे नको. खाण्याच्या पिकावर हे पाणी फवारायला तिथल्या नियमातच मनाई आहे. फवारा पोहोचत नाही अशा बाजूला, ओट्यावर कुंड्या ठेवा आणि नळाचं पाणी घाला. मेथी कुंडीत छान येते.

प्रश्न: आमच्या विहिरीपासून पंचवीस फुटांवर शेजाऱ्यांनी संडासाची टाकी बांधली आहे. दर पावसाळ्यात आमच्याकडे कोणाला तरी जुलाब होतात. शेजारी म्हणतात, टाकी सिमेंटची आहे, गळणार कशी? भांडण नको आहे. काय करू?
– एक वाचक, राजापूर

उत्तर: आधी पुरावा गोळा करा, मग बोला. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून विहिरीचा नमुना जैविक तपासणीला पाठवा. शक्य असेल तर एक नमुना पावसाच्या पहिल्या जोरानंतर आणि एक जानेवारीत घ्या. सोबत नायट्रेटही तपासून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या मानकात त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. शेणखताचा उकिरडा किंवा खत घातलेलं शेत जवळ नसताना नायट्रेट चढलेला असेल, तर तो बहुधा संडासाकडूनच आलेला असतो. अहवाल हातात येईपर्यंत पिण्याचं पाणी खळखळून उकळा आणि विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, नियमित टाकून घ्या. टीसीएलने आजचा दिवस निभावतो, पण घाण येत राहिली तर ते पुरत नाही.

शेजाऱ्यांचं म्हणणं खोटं असेलच असं नाही. भिंती सिमेंटच्या असतील. पण ‘पाणी आपोआप जिरतं, उपसावी लागत नाही’ म्हणून कित्येक गवंडी टाकीचा तळ मुद्दाम कच्चा ठेवतात आणि घरमालकाला ते कौतुकाने सांगतात. दहा वर्षांत टाकी एकदाही भरली नाही, असं कोणी अभिमानाने सांगितलं की मला त्यांच्या आसपासच्या विहिरींची काळजी वाटते. सेप्टिक टाकीत घरात वापरलं जाईल तितकं पाणी रोज बाहेर पडायलाच हवं. ते कुठूनच बाहेर पडताना दिसत नसेल तर ते तळातून जातं आहे.

त्यांना टाकी पाडायला सांगू नका. तळाला काँक्रीट करून घ्यायचं आणि बाहेरचं पाणी बंद नळीने विहिरीपासून दूर, उताराच्या बाजूला न्यायचं, एवढ्यावर बहुतेक वेळा भागतं. खर्च निम्मा तुम्ही उचलायची तयारी दाखवलीत तर बोलणं सोपं होईल. पाणी तुमच्या विहिरीचं आहे. ते नव्याने बांधायला तयार असतील तर दोन शोषखड्ड्यांचा संडास सुचवा. एक खड्डा भरला की दुसरा वापरायचा, पहिला वर्ष-दीड वर्ष बंद ठेवायचा, मग त्यातून बिनवासाचं, मातीसारखं खत निघतं. तिथेही विहीर जवळ आणि पावसाळ्यात पाणी वर येणारं असेल तर खड्ड्याचा तळ बंद करून भोवती अर्धा मीटर बारीक वाळूचा थर भरायचा असतो. पंचवीस फुटांवर तोही नको, किमान 10 मीटर मागे न्या.

मैल्याचं खत हा विचार आपल्याकडे बाहेरून आलेला नाही. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी त्यासाठी खास संडास घडवला, स्वतः सफाई केली. देहूत डॉ. सुहास मापुसकरांनी संडासाला जोडलेल्या गोबरगॅसवर आयुष्य वेचलं, त्यांना 2017 साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. आपल्याच जिल्ह्या-गावांतलं हे काम नव्या घरांच्या नकाशांत दिसत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

प्रश्न: शोषखड्डा दोनदा खणला, दोन्ही वेळा वर्षाच्या आत तुंबला. जमीन काळी, कसदार. गवंडी म्हणतो, आणखी खोल खणू.
– एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर: आधी जमीन पाणी किती पिते ते मोजा. खड्डा जेवढा खोल धरला आहे तेवढ्या खोलीवर वीतभर रुंदीचं भोक पाडा, पाणी भरून रात्रभर मुरू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी घालून ते 25 मिलिमीटर, म्हणजे इंचभर, उतरायला किती मिनिटं लागतात ते बघा. तीस मिनिटांच्या आत उतरलं तर शोषखड्डा चालेल. साठच्या वर गेलं तर त्या मातीत कितीही मोठा खड्डा केला तरी तुंबणार. काळी माती ओली झाली की फुगते आणि छिद्रं मिटतात. खोल खणण्याचा उपयोग काळी माती संपून मुरूम लागणार असेल तरच, आणि मुरमाच्या खाली पावसाळ्यातलं पाणी दोन मीटर तरी खोल असेल तरच.

मुरूम हाताशी नसेल तर संडासाचं आणि न्हाणी-धुण्याचं पाणी वेगळं करा. सगळ्यात जास्त पाणी न्हाणी-धुण्याचंच असतं. ते वगळल्यावर टाकीवरचा भार एवढा कमी होतो, की उरलेलं पाणी उथळ, लांब चरांतून केळी-कर्दळीला देता येतं. न्हाणीच्या पाण्यासाठी नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीसारख्या गावांनी घरोघर केलेले शोषखड्डे जाऊन बघा. गटारं उघडी राहिली नाहीत आणि डास हटले. तुमच्यापासून फार लांबही नाही.

प्रश्न: टाकी किती वर्षांनी उपसावी? जिवाणूंची पावडर टाकली तर उपसा टळतो का? नव्या टाकीत शेण घालतात ते खरं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: दोन-तीन वर्षांनी. सातारा जिल्ह्यातल्या वाईत आणि तुमच्या सिन्नरला नगरपालिकांनी ठरावीक मुदतीने, पाळीपाळीने प्रत्येक घराची टाकी उपसण्याची पद्धत बसवली. तक्रारीची वाट पाहायची नाही. काढलेला मैला प्रक्रिया केंद्रात जातो. तुमच्या गावात खासगी गाडी येत असेल तर ती मैला कुठे रिकामी करते हे चालकाला विचारा. ओढ्यात सोडत असेल तर ती बोलावू नका आणि पालिकेला कळवा.

पावडरीची गरज नाही. आपल्या मैल्यात जिवाणू पुरेसे असतात. ते मारायचे नाहीत एवढंच पाळा: ॲसिडच्या बाटल्या आणि फिनेल ओतणं थांबवा. शेणाचं खरं आहे. नवी टाकी आधी बाहेरच्या नळीपर्यंत पाण्याने भरायची आणि चांगल्या चालणाऱ्या टाकीतला थोडा गाळ किंवा कुजलेलं शेण घालायचं, असं मानकातही आहे. उपसतानाही तळाचा थोडा गाळ मागे ठेवायचा, तो याच कारणाने. फायबरची टाकी असेल तर भर पावसाळ्यात पूर्ण रिकामी करू नका, जमिनीतलं पाणी तिला वर उचलतं.

टाकीत माणूस उतरवायचा नाही, ही गोष्ट मी उपशाबद्दलच्या प्रत्येक पत्राच्या उत्तरात लिहिते. हायड्रोजन सल्फाइड जास्त असला की त्याचा वास येणंही बंद होतं आणि माणूस जागेवर कोसळतो, त्याला काढायला उतरणाराही मरतो. झाकण काढून तासभर ठेवलं, मेणबत्ती सोडून बघितली, यातलं काही पुरेसं नाही, आणि खाली मिथेन असतो म्हणून ज्योत तर धोक्याचीच आहे. 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं गुन्हा आहे. अशा मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली भरपाई 30 लाखांवर नेली. कोणी ‘आमचा माणूस उतरेल, दोन हजार द्या’ म्हणाला तर त्याला दारातून परत पाठवा आणि सक्शन गाडी येईपर्यंत थांबा. गाडीची नळी पोहोचावी म्हणून टाकी रस्त्यापासून शंभर फुटांच्या आत बांधा, दोन्ही कप्प्यांना वेगळं झाकण ठेवा आणि त्या झाकणांवर फरशी घालून ती बुजवू नका.